विद्या का विसरते?

माझ्या धाकट्या बहिणीची नात बी. फार्म.च्या चौथ्या सेमिस्टरला आहे. मला ती मावशीआजी म्हणते. मागच्या सेमिस्टरला तिचा एक विषय राहिला, त्यामुळे सध्या घरात तिच्या अभ्यासाची काळजी सगळ्यांनाच लागली आहे. तिची तक्रार अशी, की पुस्तक तीन-तीनदा वाचते, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करते, वाचताना सगळे येते आणि पेपर हातात आला की पाटी कोरी. "मावशीआजी, एवढी वर्षं मुलं पास केलीस, मला एखादी युक्ती सांग ना," असे तिने फोनवर म्हटले.

आता माझे शिक्षण म्हणजे मराठी माध्यमातले बी. ए. शाळेत शिकवला इतिहास. रसायनाशी संबंध स्वयंपाकघरापुरता. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. कोणताही प्रश्न आला की तो आधी कोणाला पडला होता, हे शोधत बसायचे. औषधे ओळखण्याची आणि देण्याची परीक्षा कधी सुरू झाली, ती देणारी मुले अभ्यास कशी करत, आणि अभ्यास टिकतो कशाने, हे वाचता वाचता बरेच काही हाती लागले. ते तिच्यासाठी लिहिते आहे. तुमच्याही घरी कोणी परीक्षेला बसले असेल तर उपयोगी पडेल.

आधी आपल्याकडचे. आमच्या लहानपणी, म्हणजे १९५८-६०च्या सुमारास, तालुक्याच्या गावी डॉक्टरांच्या दवाखान्यात एक लाकडी खिडकी असे आणि तिच्यामागे कंपाउंडर. घरून धुऊन आणलेली बाटली त्याच्या हातात द्यायची. मोठ्या बरण्यांमधून तो गुलाबी किंवा पिवळसर मिक्श्चर ओतायचा, कात्रीने कंगोरे कापलेली कागदाची पट्टी बाटलीला डिंकाने चिकटवायचा (एक कंगोरा म्हणजे एक डोस) आणि सांगायचा, "हलवून घ्या हो." हे 'हलवून घ्या' जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्याला मी कधी पुस्तक उघडताना पाहिले नाही. दिवसातून पन्नास वेळा तेच हात त्याच बरण्यांकडे जात. त्याचे पाठांतर हातात होते.

हे हातातले पाठांतर पुरेसे नाही, ही जाणीव त्याच्याही आधीची. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० साली एक चौकशी समिती नेमली गेली. तिने १९३१च्या अहवालात औषधांतली भेसळ आणि शिकलेल्या औषधकारांची वाण, या दोन्हींवर बोट ठेवले. तोवर देशाच्या बहुतेक भागांत औषध तयार करून देणाऱ्याला कसलीही परीक्षा द्यावी लागत नव्हती. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, काशी हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी औषधी रसायनाचे शिक्षण सुरू केले. १९३७ साली तिथे तीन वर्षांचा बी. फार्म. अभ्यासक्रम आला. श्रॉफ मूळचे बिहारमधल्या दरभंग्याचे, अमेरिकेत शिकून आलेले. आज लाखो मुले ज्या वाटेने जातात ती त्यांनी पाडली, पण त्यांचे नाव किती जणांना ठाऊक असते? १९४८ साली फार्मसी कायदा झाला आणि नोंदणी व परीक्षा आवश्यक ठरली. अनुभवी कंपाउंडरांना पहिल्या नोंदणीत जागा मिळाली, हेही बरे झाले. नाहीतर आमच्या गावची खिडकीच बंद पडती.

परीक्षेची पद्धत मात्र आपण घेतली इंग्रजांकडून. म्हणून आता थोडे लंडनला जाऊ.

तिथे १८१५ साली अपॉथेकरींचा कायदा झाला. अपॉथेकरी म्हणजे रोग्याला तपासणारा आणि औषधही स्वतःच करून देणारा माणूस. कायद्याने त्याला पाच वर्षे उमेदवारी आणि त्यानंतर परीक्षा सक्तीची केली. ही परीक्षा तोंडी असे. समोर परीक्षक बसलेले, हातात लॅटिनमधला औषधकोश, त्यातला उतारा वाचून अर्थ सांगायचा, डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी उलगडायची, रसायनावर आणि औषधी द्रव्यांवर उत्तरे द्यायची. २५ जुलै १८१६ रोजी या परीक्षेला वीस वर्षांचा एक मुलगा बसला आणि पास झाला. त्याचे नाव जॉन कीट्स. होय, तोच कवी! कवितेच्या नादापायी हा नापास होणार अशी त्याच्या बरोबरच्यांची अटकळ होती. पण तो सुटला, आणि खोलीवरच्या एका सोबत्याला अपयश आले. त्याच्या लॅटिनने त्याला तारले, असे एका मित्राने पुढे सांगितले आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. १८११ पासून तो एका वैद्याकडे उमेदवारी करत होता. परीक्षेत जे तोंडाने सांगायचे, ते रोज कोणीतरी त्याला विचारत असणार. "अमुक बरणी आण. किती घालशील? का?" उमेदवारी म्हणजे वर्षानुवर्षे रोज चालणारी तोंडी परीक्षाच.

शंभर वर्षांनी त्याच संस्थेच्या परीक्षेला आणखी एक लेखिका बसली. पहिल्या महायुद्धात अगाथा ख्रिस्ती टॉर्की या गावच्या रुग्णालयात आधी शुश्रूषेचे आणि मग औषध देण्याचे काम करत होत्या. १९१७ साली त्या परीक्षा पास झाल्या. त्या अभ्यासासाठी त्या गावातल्या एका नामांकित औषधविक्रेत्याकडे शिकायला जात. त्यांनी आत्मचरित्रात सांगितलेला तिथला प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटला. गुरुजी औषधी वड्यांचा एक घाणा तयार करत होते. शिकाऊ अगाथाबाईंच्या लक्षात आले, की हिशोबात दशांश चिन्ह एक घर चुकले आहे आणि औषध दहापट पडले आहे. एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर कसे सांगायचे? त्यांनी अडखळल्याचे नाटक केले, ताट खाली पाडले आणि वड्या पायाखाली चांगल्या तुडवल्या. वर माफीही मागितली.

विचार करा, त्या क्षणी त्यांनी पुस्तक उघडून पाहिले नव्हते. मात्रा डोक्यात होती म्हणून चूक डोळ्यांना खुपली. जे आठवत नाही त्याची चूक दिसत नाही. परीक्षा का घेतात, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

त्यांच्या १९२० साली आलेल्या पहिल्या कादंबरीतही हा अभ्यास कामी आला. खुनी कोण ते सांगत नाही, पण युक्ती सांगते. स्ट्रिक्नीन असलेल्या टॉनिकमध्ये ब्रोमाइड मिसळले, की स्ट्रिक्नीनचे कण हळूहळू तळाशी बसतात. वरचे डोस निरुपद्रवी, आणि शेवटच्या डोसात सगळे विष एकदम पोटात! आता आमच्या कंपाउंडरचे 'हलवून घ्या हो' आठवा. त्या दोन शब्दांमागे केवढे शास्त्र होते! हे स्ट्रिक्नीन येते कुचल्याच्या बियांतून. कोकणात त्यालाच काजरा म्हणतात. आपल्या परसामागच्या रानातले झाड इंग्रजी कादंबरीत जाऊन बसले. असो, विषयांतर झाले.

आता मूळ प्रश्नाकडे. वाचलेले जाते कुठे?

याचे मोजमाप सर्वप्रथम केले हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने. त्याने कोणा विद्यार्थ्याला त्रास दिला नाही, स्वतःलाच विद्यार्थी केले. अर्थ नसलेली सुमारे २३०० अक्षरे बनवली, त्यांच्या माळा पाठ केल्या, आणि काही वेळाने पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती श्रम वाचतात ते लिहून ठेवले. त्याचे पुस्तक १८८५ साली आले. वीस मिनिटांनी पुन्हा पाठ करताना ५८ टक्के श्रम वाचत, एका तासाने ४४, एका दिवसाने ३४ आणि एका महिन्याने २१. म्हणजे गळती सगळ्यात जास्त असते ती पहिल्या तासात आणि पहिल्या दिवसात. पुढे ती मंदावते.

त्याचा दुसरा निष्कर्ष विद्यार्थ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. बारा अक्षरांची माळ एकाच बैठकीत ६८ वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांत विभागून ३८ वेळा घोकल्यावर साधले. जवळजवळ निम्म्या कष्टांत! परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी हा हिशोब करून पाहावा.

पुढची पायरी अमेरिकेत घडली. १९१७ साली, म्हणजे अगाथाबाई परीक्षा देत होत्या त्याच वर्षी, आर्थर गेट्स यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग केला. काही मुलांनी सगळा वेळ वाचण्यात घालवला, काहींनी थोडे वाचून उरलेला वेळ न बघता म्हणून पाहण्यात. अर्ध्याहून जास्त वेळ म्हणून पाहणारी मुले पुढे गेली. १९३९ साली आयोवा राज्यातल्या सहावीच्या ३६०५ मुलांवर हर्बर्ट स्पिट्झर यांनी तेच ताडून पाहिले. धडा वाचल्यावर लगेच चाचणी दिलेल्या मुलांच्या लक्षात तो जास्त दिवस राहिला. खरे तर १६२० साली फ्रान्सिस बेकनने हेच लिहून ठेवले होते. नुसते वीस वेळा वाचण्यापेक्षा दहा वेळा वाचावे, अधूनमधून न बघता म्हणून पाहावे आणि अडले तरच पुस्तकात डोकवावे, असा त्याचा सल्ला. बेकनचे नाव मी शाळेत वैज्ञानिक क्रांतीच्या धड्यात घेत असे, पण हा सल्ला कुठल्याच क्रमिक पुस्तकात नव्हता.

आणि आता बहिणीच्या नातीने नीट वाचावा असा भाग. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी महाविद्यालयीन मुलांचे गट केले. एका गटाने उतारा चार बैठकांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्याने एका बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत पुस्तक मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७१. वाचणारे जिंकले! पण आठवड्याने पुन्हा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांकडे उरले ४० टक्के आणि लिहिणाऱ्यांकडे ६१. गंमत म्हणजे 'आठवड्यानंतरही आमच्या छान लक्षात राहील' अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. 'वाचताना सगळे येते' ही जी भावना आहे ना, ती हीच. ओळखीचा चेहरा दिसणे वेगळे आणि त्याचे नाव आठवणे वेगळे. लग्नाच्या मांडवात आपल्या सगळ्यांना हा अनुभव येतो!

हे सगळे वाचताना मला सारखा आमचा परवचा आठवत होता. दिवेलागणीला हातपाय धुऊन ओळीत बसायचे आणि पाढे, पावकी, निमकी, सवायकी मोठ्याने म्हणायची. समोर पुस्तक नसे. चुकले की आजोबा फक्त "हं?" करत. उद्या पुन्हा तेच. एबिंगहाउस म्हणतो ते विभागून घोकणे, आणि गेट्स म्हणतात ते न बघता म्हणणे, दोन्ही त्यात होते. वेदपाठशाळांत तर संथा घेतल्यावर पद, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट रीतींनी तेच शब्द म्हणवून घेतात. लेखी पुस्तकाशिवाय मजकूर शुद्ध राहिला तो त्यामुळे. आणि घोडा का अडला, भाकरी का करपली, विद्या का विसरली, या जुन्या कोड्याचे एकच उत्तर आपल्या आज्या देत: न फिरवल्यामुळे.

पण आपल्या पद्धतीचे गोडवे गाऊन थांबणे प्रामाणिक होणार नाही. आपल्याकडे पाठांतर होते तशी पोपटपंचीही होती. अर्थ न कळता म्हटलेले गरजेच्या वेळी कामाला येत नाही. फार्मसीत नावे हजारो, ती नुसती घोकायची म्हटली तर आयुष्य पुरणार नाही. इथे मात्र इतिहास मुलांच्या बाजूचा आहे. औषधांना जगभर एकच नाव असावे म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९५३ साली नावांची पहिली यादी काढली, आणि एकाच कुळातल्या औषधांच्या नावांना सारखे शेपूट लावण्याची रीत पडली. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल हे एक घराणे. एनालाप्रिल, रॅमिप्रिल दुसरे. मी रोज सकाळी घेते ती टेल्मिसार्टन आणि शेजारच्या काकांची लोसार्टन, या चुलत बहिणी. आडनावावरून घराणे ओळखायचे, हे तर आपण मराठी माणसे जन्मभर करतो! घराण्याचे काम एकदा समजून घेतले, की प्रत्येक औषधाबद्दल लक्षात ठेवायचे राहते ते फक्त त्याचे वेगळेपण. ते मात्र ठेवायलाच हवे. एटेनोलॉल मुख्यतः हृदयावर काम करते. त्याच घराण्यातले प्रोप्रॅनोलॉल श्वासनलिकाही आवळते, म्हणून दम्याच्या रोग्याला ते देत नाहीत.

आता युक्ती. एक नाही, पाच सांगते. सगळ्या वरच्या इतिहासातूनच आल्या आहेत.

१. एकदा समजून वाचायचे आणि पुस्तक मिटायचे. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे, मग ताडून पाहायचे. जे सुटले तेवढेच पुन्हा वाचायचे. पिवळ्या शाईचा खर्च वाचेल.

२. आज केलेला भाग उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्याने फिरवायचा. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली एक सोपी पेटी सांगितली. कार्डाच्या एका बाजूला औषधाचे नाव, दुसऱ्या बाजूला घराणे, काम, मात्रा, धोका. उत्तर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकले की पहिल्या कप्प्यात. पुढचे कप्पे कमी वेळा उघडायचे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची कार्डे छान होतात.

३. विषय तसा सराव. रसायनातल्या रचना न बघता काढून पाहायच्या. वनौषधींच्या विषयात नाक, जीभ आणि डोळे वापरायचे. ज्येष्ठमध, सोनामुखी, दालचिनी, लवंग हे सगळे घरात किंवा काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. हातात घेऊन त्याचे कूळ आणि त्यातले द्रव्य मोठ्याने सांगायचे.

४. गणिते रोज दोन. ९५ टक्के आणि ४५ टक्के अल्कोहोल मिसळून ६० टक्क्यांचे करायचे असेल तर काय प्रमाण? ६० वजा ४५ म्हणजे १५ भाग पहिले, ९५ वजा ६० म्हणजे ३५ भाग दुसरे, म्हणजेच ३ ला ७. आमच्या अंकगणितात दोन प्रतींचे तांदूळ मिसळण्याची गणिते होती, तीच ही. उत्तर आल्यावर दशांश चिन्हाकडे पुन्हा बघायचे. का, ते वर आलेच आहे.

५. रोज कोणाला तरी शिकवायचे. ऐकणाऱ्याला विषय येत नसला तरी चालतो, त्याने फक्त "का?" विचारावे. या कामाला घरातली रिकामी म्हातारी माणसे उत्तम. मी तयार आहे, संध्याकाळी सातनंतर फोन करावा. त्या वेळी मालिका मी पाहत नाही.

हे सारे कशासाठी, तेही इतिहासच सांगतो. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रोगी दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते, मूत्रपिंडे निकामी करणारे विष. दिसायला तसेच, चवीला तसेच गोड. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. हे विष औषधात जाऊन माणसे मेल्याचा दाखला १९३७ साली अमेरिकेत घडून गेला होता, शंभराहून जास्त माणसे त्यात गेली. तरी २०२२ साली गांबियात आणि २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधापायी लहान मुले दगावली, त्या औषधांतही तेच विष सापडले. पुस्तकात हा मजकूर असतो. त्यासाठीची तपासणीही असते. तो कोणाच्या तरी वेळेवर ध्यानात यावा लागतो, आणि त्याने ती तपासणी करावी लागते.

माझ्या वयाची माणसे महिन्याकाठी औषधाच्या दुकानात चिठ्ठी देतात आणि पलीकडून येईल ती पट्टी पिशवीत टाकतात. डॉक्टरांचे अक्षर आपल्याला लागत नाही, नावे कळत नाहीत. काउंटरपलीकडच्या मुलाने किंवा मुलीने पट्टीकडे बघून क्षणभर थबकावे आणि "काका, तुम्हाला दमा आहे का हो?" असे विचारावे, एवढाच आपला आधार. तो प्रश्न सुचायला त्याला पुस्तक उघडायची सवड नसते.

तेव्हा पोरी, मार्क पडतीलच. तू मात्र पुस्तक मिट आणि सांगायला लाग.